गोष्टीतलं पाणी

माणात गोष्ट सांगणाऱ्याची एक अडचण आहे. ऐकणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. ‘त्या साली पाऊस पडला नाही’ एवढं वाक्य तोंडातून गेलं, की पुढचं तो स्वतःच सांगतो. विहिरीनं तळ गाठला, जनावरं बाजाराला गेली, थोरला मुंबईला माथाडीत लागला, धाकटा गलाईच्या धंद्यात कुठं तरी परमुलखात सोनं गाळायला गेला, मागं म्हातारा-म्हातारी आणि एक शेळी राहिली. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा जगलोय, की ती ऐकायला पारावर कुणी थांबत नाही. तंबाखू झटकून माणूस उठतो आणि म्हणतो, “हे काय नवं सांगताय?”

म्हणून मला बरेच दिवस एक प्रश्न पडत आलाय. दुष्काळी मुलखातल्या लेखकानं, तेही लोक आवडीनं वाचतात अशी गोष्ट लिहिणाऱ्यानं, शेवटी पाणी दाखवावं का? दाखवलं तर ती वाचणाऱ्याची फसवणूक होते का? आणि नाही दाखवलं, तर ते खरेपण कुणाच्या उपयोगाचं?

हा प्रश्न पुस्तकी वाटेल. पण मी तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून मास्तरकी केली आणि जिथं गेलो तिथं पुस्तकांचं कपाट सांभाळलं. कपाट काय वाचलं जातं ते बिनचूक सांगतं. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारची आणि काळापहाडची पुठ्ठे नसलेली पुस्तकं, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, नारायण धारपांचा समर्थ यांची पानं सुटून आलेली असायची. काहींना शेवटचं पानच नसायचं, मग पोरं शेवट आपापल्या मनानं सांगायची. आणि अनुदानातून आलेली झाडं लावण्याची, पाणी वाचवण्याची पुस्तकं आली तशी कोरी. त्यांच्या पानांना अजून शाईचा वास होता. त्यात लिहिलेलं खोटं नव्हतं. पण ते वाचून कुणाला रात्री झोप लागली नाही, असं कधी घडलं नाही.

‘पर्यावरण’ हा शब्द आमच्याकडं प्रकल्पाच्या वहीत राहतो. बोलण्यात पाऊसपाणी असतं, वैरणकाडी असते, ‘औंदा मृग कसा हाय’ असतं. पर्यावरण म्हटलं की माणूस सावरून बसतो, जसा साहेब आल्यावर बसतो. पाऊसपाणी म्हटलं की जवळ सरकतो. गोष्ट लिहायची तर दुसऱ्या शब्दाच्या बाजूनं लिहायला हवी, हे मला कपाटानं शिकवलं.

रंजक गोष्ट म्हणजे हलकी गोष्ट, रिकामपणाचा उद्योग, असं शिकलेल्या माणसांना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण १९७२ साल आहे. मी दहा वर्षांचा होतो. आमची आई आणि चुलत्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मिलोची भाकरी, पोरांना सुकडी, आणि अंगावर सगळीकडं पांढरा धुरळा. दुपारच्या सुट्टीत एका बाभळीखाली बायामाणसं बसायची आणि सातवी झालेला एक पोरगा कुठून तरी मिळालेली रहस्यकथा मोठ्यानं वाचायचा. रोज आठ-दहा पानं. मुकादमाची शिट्टी झाली की पुस्तक बंद. मग हातोडा चालवता चालवता तर्क सुरू व्हायचे. तो दिवाण दिसतो तसा नाही, म्हणायची एक. दुसरी म्हणायची, बाई पळाली म्हंजे तीच चोर असं कशावरनं? ज्यांना उद्या चुलीवर काय शिजवायचं ते ठाऊक नव्हतं, त्या बाया उद्या दुपारी त्या दिवाणाचं काय होणार याची वाट बघत. ‘पुढं काय?’ हा प्रश्न माणसाला उद्यापर्यंत नेतो. पुढं काही आहे असं धरून चालल्याशिवाय तो विचारताच येत नाही. त्या बाभळीखाली कुणी पाण्याचं भाषण केलं असतं, तर बायांनी पदर तोंडावर घेऊन झोप काढली असती.

आता दुसरी बाजू. आमच्या मुलखाला साहित्यात आणलं ते व्यंकटेश माडगूळकरांनी. आटपाडी तालुक्यातलं माडगूळ त्यांचं गाव. १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ आलं आणि १९५५ साली ‘बनगरवाडी’. ‘बनगरवाडी’त एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, वाडीला शाळेची गोडी लावतो, सगळ्यांच्या अंगमेहनतीनं तालीम उभी करतो. आणि मग दुष्काळ येतो. मेंढरं मरतात, वाडी पांगते, मास्तरही निघतो. या शेवटात एक शब्दही खोटा नाही. त्या काळी तो तसाच लिहायला हवा होता, कारण तोवर मराठी कादंबरीला अशी वाडी आहे हेच नीट माहीत नव्हतं. जे कुणी पाहिलंच नाही ते आधी आहे तसं दाखवणं, हे लेखकाचं पहिलं काम.

पण सत्तर वर्षं झाली. आता दुष्काळ सगळ्यांनी पाहिलाय. टँकरमागं धावणाऱ्या बायांचे फोटो दर उन्हाळ्यात छापून येतात. आपला मुलूख म्हणजे सोडून जाण्याचा मुलूख, एवढंच एका पिढीनं पुन्हा पुन्हा ऐकलं तर ती शहाण्यासारखी लवकर निघते. मी वर्गात विचारायचो, मोठा होऊन काय करणार? उत्तरात काय होणार हे वेगवेगळं असायचं, कुठं होणार हे मात्र एकच, इथून बाहेर. त्या मुलांना दोष द्यायची माझी छाती नाही. पण ज्या माणसाच्या मनात एखाद्या जागेचं ‘पुढं’ संपलं, तो त्या जागेसाठी चार फुटांचा चरसुद्धा खणत नाही, हेही खरं.

हा सगळा गुंता माझ्या पुतणीनं एका वाक्यात मांडला. ती दिवाळी अंकांना रहस्यकथा लिहिते, अलीकडं मोबाइलवर ऐकायच्या गोष्टीही लिहिते. सुट्टीत घरी आली होती. तिच्या डोक्यात आमच्याच भागातल्या एका वाडीवरची गोष्ट होती. वाडीची विहीर एका रात्रीत कोरडी पडते आणि पाणी कुणी चोरलं याचा तपास सुरू होतो. ती म्हणाली, “काका, शेवट गोड करू का खरा करू?”

मी काही बोलायच्या आत ओट्यावर बसलेले नाना बोलले. नाना आमच्या भावकीतले, सत्तरी उलटलेले. त्यांनी दहा वर्षांत सहा बोअर मारले. पहिलं तीनशे फूट, पुढचं पाचशे, शेवटचं सातशेच्या पुढं. दर खेपेला पाणाड्या यायचा. तळहातावर नारळ उभा राहायचा, नाहीतर कडुनिंबाचा फाटा खाली वाकायचा. दर खेपेला गाडी लागायची, धुरळा उडायचा आणि धुरळाच उडत राहायचा. दोन बोअरांना पाणी लागलं, तेही दोन उन्हाळे टिकलं. डाळिंबाची बाग जळाली. दोन एकर विकून कर्ज फिटलं, तरी पुरतं नाही.

नाना म्हणाले, “पोरी, मला दुष्काळानं न्हाय बुडवलं. आशेनं बुडवलं. दुष्काळात माणूस जपून ऱ्हातो, हात आखडून. आशा लागली की कर्ज काढतो. तुझ्या गोष्टीत शेवटाला पाणी लागलं, तर तूबी त्या पाणाड्याच्या रांगंतच की!”

पुतणी गप्प झाली. मीही. नानांचं म्हणणं हसण्यावारी नेता येण्यासारखं नव्हतं. आशा ही चांगलीच गोष्ट, असं आपण धरून चालतो. पण आमच्या भागात आशेचा बाजार आहे. बोअरची गाडीवाला, उधारीवर रोपं देणारा, निवडणुकीत कालव्याचा नारळ फोडणारा, सगळे तीच विकतात. गोष्ट लिहिणारा त्यांच्यात बसला तर वाचकाचं नुकसान होतं, आणि ते कधी कधी सात-बाऱ्यावर दिसतं.

त्यानंतर मी बराच विचार केला. बोअरवाल्याची आशा आणि गोष्टीनं द्यावी अशी आशा यांत फरक कुठं आहे? दोघंही ‘पाणी लागेल’ असंच म्हणतात. मला सापडलेला फरक असा. बोअर फसलं तर मागं भोक राहतं आणि कर्ज राहतं. उतारावर खणलेला चर त्या साली कोरडा राहिला, तर मागं चर राहतो. पुढच्या पावसाची वाट तो बघत बसतो, आणि तेवढ्या काळात व्याज चढत नाही. बोअर एकट्याचं असतं, शेजाऱ्याच्या विहिरीशी त्याची शर्यत असते. चर एकट्याच्या रानात खणून भागत नाही, माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळ्यांच्या रानातून खणावा लागतो. आणि बोअरवाल्याला तुम्ही फक्त पैसे द्यायचे असतात, बाकी सगळं नशीब करतं. चराला हात लावावा लागतो. म्हणजे आशा खरी का खोटी हे फक्त शेवटी काय मिळालं यावर ठरत नाही. ती फसली तर मागं काय उरतं, यावरही ठरतं.

हे मी हवेतलं बोलत नाही. २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत राज्यातले ७५ तालुके उतरले होते. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस, वैशाखाच्या उन्हात. त्या साली पहिला क्रमांक माण तालुक्यातल्या टाकेवाडीला मिळाला, दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत आमच्याच तालुक्यातली भांडवली होती. पाणलोटाची कामं सरकार कितीतरी वर्षं करतच होतं. मग लोक रात्री बॅटऱ्या घेऊन डोंगरावर का चढले? मला वाटतं, त्या कामाला गोष्टीचा आकार आला म्हणून. ठरावीक दिवस, समोर प्रतिस्पर्धी, गावातली दोन पार्ट्यांची जुनी भांडणं, कोण येणार आणि कोण नाही याची उत्सुकता, आणि शेवटी निकाल. कुस्तीच्या फडाला लागतं ते सगळं त्यात होतं. मुंबईला गेलेली पोरं सुट्ट्या काढून गावी आली, ती भाषण ऐकून आली नव्हती. पुढं काय होतंय ते बघायला, आणि आपल्याशिवाय होऊ नये म्हणून आली.

आणि लगेच त्याच साली पाऊस रुसला. २०१८च्या ऑक्टोबरात सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात माण होता. २०१९च्या उन्हाळ्यात तालुक्यात पुन्हा चारा छावण्या. एखाद्या लेखकानं हे कादंबरीत लिहिलं असतं, तर लोक म्हणाले असते, दैवाचा एवढा खेळ बरा नव्हे. करंडक घरात आणि जनावरं छावणीत! ज्यांना आशेची टिंगल करायची होती त्यांनी ती केलीच. पण चर तिथंच होते. नंतरच्या पावसात पहिलं पाणी तिथंच थांबलं. मला विचाराल तर खरी गोष्ट त्या मधल्या वर्षात आहे. काम करून झालंय, बक्षीस मिळालंय, आभाळ कोरडं आहे, आणि तरी कुणी तरी सकाळी उठून चरातला गाळ काढतंय. लोकप्रिय गोष्टी करंडकाशी थांबतात आणि दुष्काळाच्या कथा छावणीशी. मधलं वर्ष कुणीच लिहीत नाही.

आता रंजक गोष्टींचे प्रकार घेऊ, कारण प्रत्येकाच्या अंगात वेगळी ताकद आहे.

रहस्यकथा कारण शोधते. पुतणीच्या गोष्टीत पाणी कुणी चोरलं, हा प्रश्न आहे. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते १० हजार लिटर पाणी होतं. वीस मिलिमीटरचा एक चांगला वळीव म्हणजे हेक्टरी दोन लाख लिटर. शंभर हेक्टरच्या उतारावर दोन कोटी लिटर, दहा हजारी टँकर मोजले तर दोन हजार टँकर! त्यातलं काही मुरतं, काही उन्हानं उडतं, पण उघड्या बोडक्या उतारावरून बरंचसं तासाभरात ओढ्यानं निघून जातं आणि जाताना माती घेऊन जातं. गावाला वाटतं पाऊसच झाला नाही. चोरी दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. खाली काळा कातळ. पाणी साठायला जागा थोडीच, वरचा झिजलेला मुरुमाचा थर आणि कातळातल्या भेगा. त्यातून शंभर बोअर ओढणार. म्हणजे या गुन्ह्यात चोर एक नाही, आणि ज्याच्या घरी चोरी झाली तोही चोरांत आहे. अर्नाळकरांच्या झुंजारला शेवटी एकाच्या तोंडावरचा बुरखा ओढता यायचा. इथं बुरखा ओढायचा तर गावानं एकमेकांचा ओढावा लागेल. रहस्यकथेला हे नवं आणि अवघड काम आहे, पण तपास करायची सवय वाचकाला तिनंच लावली आहे.

भूतकथा फेड मागते. पुरलेलं वर येतं, हा तिचा नियम. आमच्याकडं बुजवलेल्या बारवा आहेत, नांगरून टाकलेले ओढे आहेत. ओढा कागदावर मिटतो, पण पावसाला कागद दिसत नाही. मोठा पाऊस झाला की तो जुन्या वाटेनं येतो आणि नव्या घराचं दार ठोठावतो. आजीनं सांगितलेल्या विहिरीतल्या बाईच्या गोष्टींनी पोरं काठापासून लांब राहायची. धाक होता, पण विहिरीविषयी आदरही होता. आज बोअरच्या सहा इंची भोकाविषयी कुणाला कसला आदर? भुताला शांत करायचं तर त्याचं देणं द्यावं लागतं, हे आमच्या मुलखातल्या अडाण्यालाही कळतं. बारव उपसली, ओढ्याची वाट मोकळी केली, की भूत निघून जातं. यापेक्षा आशेचा शेवट दुसरा कुठला?

विज्ञानकथा लांबचं बघते. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्यांच्या ‘हिमप्रलय’ कथेत पृथ्वीवर हिमयुग ओढवतं आणि माणूस आपल्या अकलेनं त्यातून वाट काढतो. म्हणजे हवामानाचं संकट आणि त्यावरची आशा आपल्या भाषेत आजची नाही. लेखक अमिताव घोष यांनी २०१६च्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकात गंभीर कादंबरीवर ठपका ठेवला, की अचाट, अघटित गोष्टी तिनं दाराबाहेर ठेवल्या, त्यामुळं बदलतं हवामान तिच्या पकडीत येत नाही. मला ते वाचून आमचं कपाट आठवलं. दाराबाहेर ठेवलेलं सगळं त्या पुठ्ठे नसलेल्या पुस्तकांत राहत होतं.

पण आशेची गोष्ट लिहिणाऱ्याला तीन धोंडे वाटेत आहेत, तेही सांगायला हवेत.

पहिला, हिरव्या रंगाचा. शेवट गोड करायचा म्हटलं की लेखक डोंगर हिरवागार करतो, धबधबा सोडतो. ते चित्र महाबळेश्वरचं झालं. माणाचं सुख तसं दिसत नाही. आमचा माळ हा मेलेलं जंगल नव्हे. तो माळच आहे. त्यावर कुसळी गवत, तरवड, हिवर, बाभूळ, आणि त्या गवताच्या भरवशावर मेंढरं, खिलार जनावरं, चंडोल, खोकड, लांडगा. त्या माळावर भसाभस झाडं लावून धनगराची वाट अडवली, तर फोटो हिरवा येतो आणि एक जित्राबांचा संसार उठतो. माडगूळकरांना हे दिसत होतं. वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ लिहिणाऱ्या माणसाला रान म्हणजे देखावा नव्हता. आमच्या गोष्टीच्या शेवटी गवत गुडघ्याला लागलं आणि मेंढरं श्रावणात घराजवळ राहिली, तरी खूप झालं.

दुसरा धोंडा जास्त जड आहे. तुम्हीच खणा, तुम्हीच वाचवा, असं सांगणारी आशा राज्यकर्त्यांना सोडवते. १८७६-७७च्या दुष्काळात माण नदीवर राजेवाडीजवळ तलावाचं काम दुष्काळी काम म्हणून निघालं. तेव्हापासून आमची माणसं दर दुष्काळात दुसऱ्यासाठी माती उचलत आली. मग कृष्णेचं पाणी आमच्या वाट्याला किती, हे विचारायचं की नाही? नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख अशांच्या पुढाकारानं आटपाडीत १९९३पासून पाणी परिषदा भरल्या. मागणी नुसत्या पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. जमीन नाही त्या घरालाही पाण्याचा वाटा, असं म्हणणारी ती चळवळ. टेंभूचं पाणी आटपाडीला आलं, त्यामागं या माणसांची किती तरी वर्षं आहेत. म्हणून ज्या गोष्टीत राग नाही, तिच्यातल्या आशेवर माझा विश्वास बसत नाही. फावडं हातात आणि अर्ज खिशात, दोन्ही असलेला नायक पाहिजे.

तिसरा धोंडा उपदेशाचा. हा टाळायला आमचा वग शिकवतो. कवलापूरचे काळू-बाळू ‘जहरी प्याला’ घेऊन उभे राहिले, की जत्रेतली हजारो माणसं पहाटेपर्यंत हलत नसत. त्यांनी कधी मंडळींना ‘आता शहाणे व्हा’ असं म्हटलं नाही. हसवता हसवता मोठ्या माणसाचं सोंग फाडलं, एवढंच. वगात पाण्याचा विषय आणायचा तर टँकरच्या ठेकेदाराला रंगमंचावर आणा, सोंगाड्याला त्याचा हिशेब विचारू द्या. शिट्ट्या पडतील, आणि घरी जाताना माणसं खऱ्या ठेकेदाराचा हिशेब करतील.

एवढं सगळं झाल्यावर माझं मत सांगतो. रंजक गोष्टीत आशा आणायला लेखकाला पूर्ण हक्क आहे, पण ती त्यानं फुकट वाटू नये. पाणी दाखवायचं तर ते कशानं आलं ते दाखवावं, त्याची किंमत कुणी मोजली ते दाखवावं, आणि ते किती आलं याचं माप खरं ठेवावं. दुष्काळी माणूस भोळा नसतो. तो आभाळाकडं बघून पाऊस किती कोसांवर आहे ते सांगतो, तर गोष्टीतलं पाणी खरं का खोटं ते त्याला कळणार नाही होय? त्याला निराश शेवट आवडत नाही असं नव्हे, तो त्याला पाठ झालाय. आणि गोड शेवटाचा त्याला राग नाही, त्यात त्याचा हात कुठं लागला ते त्याला दिसत नाही, याचा राग आहे.

पुतणीनं मागच्या उन्हाळ्यात गोष्ट पुरी केली आणि ओट्यावर वाचून दाखवली. शेवट असा. एक वळीव होतो. चर गुडघाभर भरतात, तिसऱ्या दिवशी कोरडे पडतात. आठवड्यानं तपास करणारी तलाठीबाई विहिरीत दोरी सोडते. पाणी हातभर वर आलेलं असतं. ती वहीत तारीख टाकून तेवढं लिहून ठेवते. बस.

नाना डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, “हातभर? असंल. हे पटतंय.” मग सुपारी कातरता कातरता त्यांनी विचारलं, “पर ते हातभर पाणी पयलं कुणाच्या पाळीला? वरच्या आळीच्या का खालच्या?”

पुतणीनं वही पुन्हा उघडली. त्या पाळीचं प्रकरण ती अजून लिहिते आहे.